‘बसवला’ या शब्दाचे वैरी

कुठल्याही पोलीस चौकीत गेले की आमचे ‘सरकार’ खुर्चीवर बसत नसत. हवालदार लगबगीने खुर्ची पुसून पुढे करायचा आणि हे कडक इस्त्रीच्या पॅंटीसकट भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसायचे, जिथे गावकऱ्यांना बसवून ठेवतात तिथे. साहेब खाली बसल्यावर आपण काय करायचं, ही हवालदाराची पंचाईत. “तुमचं चालू द्या,” सरकार म्हणायचे, “इथून चौकी कशी दिसते तेवढं बघतो.” मला हा प्रकार नाटकी वाटे, आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. ते नुसते हसले.

‘सरकार’ हे नाव महाडच्या बाररूममध्ये पडलेलं. मी दिवाणीतला माणूस, कुळकायद्याच्या दाव्यांत गळ्यापर्यंत बुडालेला. फौजदारीशी माझा संबंध चहापुरता. पण तो चहा आम्ही बरोबर घ्यायचो. त्या काळी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात सरकारची बाजू मांडणारा वकील पोलीस खात्याचाच नोकर असे. म्हणजे शिपायाने कोणाला बडवलं, तर त्या शिपायावरचा खटला त्याचाच भाऊबंद चालवणार. ही गंमत वर कोणाच्या तरी ध्यानात आली आणि आमच्या बाजूचे असे खटले अलिबागच्या या सरकारी वकिलाकडे सोपवले गेले. “मी सरकारचा, शिपाईही सरकारचा,” ते म्हणायचे. “म्हणून तर आधी त्याला विचारणार. घरच्यालाच आधी विचारायचं असतं.”

पोलिसांच्या कागदात तेव्हा एक ठरलेली ओळ असे: ‘इसमास चौकशीकामी बसवून ठेवले.’ अटक केली असं लिहिलं, की चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं आलं. बसवला म्हटलं, की काहीच आलं नाही. सरकार त्या शब्दाच्या हात धुऊन मागे लागले. भर कोर्टात ते हवालदाराला विचारत, “बसवला म्हणजे कुठे? पाटावर? ताट वाढलं होतं का? मागाहून दक्षिणा दिलीत?” लोक पोट धरून हसत. पुढे पुढे तर सरकारांचा पाट ऐकायलाच माणसं कोर्टात येऊ लागली. पार पोलादपूरपर्यंत शिपाई त्यांना टरकून असत, आणि काही वर्षांत तो शब्द कागदांतून गेला. याचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांची दुसरी खोड म्हणजे साक्षीदाराशी खटल्याबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी कोणी भेटायला आलं, तर जेवलास का, कुठे उतरलास, एवढीच चौकशी. “पढवायचं काम पोलीस करतात. आपणही तेच करायला लागलो तर फरक काय राहिला?” मी म्हणायचो, अहो, पढवणं वेगळं आणि बोलून घेणं वेगळं. “ती रेघ तुम्हाला दिसते वकीलसाहेब, मला दिसत नाही.” असं म्हटलं की पुढे बोलायची सोय नसायची. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मग ती वाडीवरची बाई आली. वरंधच्या वरच्या अंगाला तिची वाडी. देवळातली समई चोरल्याच्या संशयावरून तिच्या नवऱ्याला एका चौकीत नेलं होतं. चौकीचं नाव लिहीत नाही. आठवडाभर ठेवला. ही रोज भाकरी घेऊन डोंगर उतरायची आणि दाराच्या फटीतून त्याला खांबाला बांधलेला बघून परत जायची. समई शेवटी देवळाच्याच माळ्यावर सापडली. पण घरी आला तेव्हा नवऱ्याची वाचा गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, जीभ धड आहे, धसका घेतलाय. साक्षीला उरली एकटी बायको. चौकीच्या हवालदारावर खटला झाला, आणि सरकार त्या खटल्याने पेटले. हवालदाराला शिक्षा झाली, ते नवऱ्याच्या कानावर गेलं, की तो पुन्हा बोलेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

बाईने साक्ष चांगली दिली. खांब, दोरी, सगळं सांगितलं. मग हवालदाराचे वकील उठले आणि अगदी मायेने त्यांनी विचारलं, “बाई, तुझ्या नवऱ्याला पोलिसांनी अटक केली होती का गो?”

“नाय साहेब.”

“मग?”

“बसवला व्हता.”

सगळं कोर्ट हसलं. बाईला नव्हे, सरकारांच्या पाटाला हसलं. पण ते तिला काय माहीत? सरकारांनी पुन्हा उठून तिला विचारलं, बसवला म्हणजे काय केलं ते सांग. तिने पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही. आपण काहीतरी वाईट बोललो एवढंच तिला कळलं होतं. तिच्या वाडीत अटक हा शब्द कोण बोलतं? बांधणं, मारणं, कोंडणं, सगळं त्या एका ‘बसवला’मध्येच येतं. निकालात लिहिलं गेलं, की अटक नव्हती असं बायकोच म्हणते, तेव्हा बाकीचंही संशयास्पद. हवालदार सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर ती थांबली होती. “साहेब, माजं काय चुकलं?”

“काही नाही बाई. तू खरं तेच बोललीस.”

“मंग कसं बोलायचं ता आदी सांगायचं नाय का?”

ती रागाने बोलली नाही, म्हणून मला जास्त लागलं. पुढे सरकारांनी ते काम सोडून दिलं, आणि असले खटले पुन्हा पोलिसांच्या वकिलाकडे गेले. मी आजही त्यांच्यावर चिडतो. बसवला म्हणजे काय, हे त्यांनी जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या हवालदारांना विचारलं. साक्षीच्या आदल्या दिवशी ती बाई, ते उतरले होते त्या डाकबंगल्याच्या ओट्यावर त्यांच्यासमोर बसली होती. तिला नाही विचारलं.

ते गेले त्याच्या थोडं आधी अलिबागला त्यांना बघायला गेलो होतो. खाटेवर पडून होते, ओळखतात की नाही अशी शंका यावी इतके खंगलेले. बाररूमची, कोर्टाची, कसलीच विचारपूस त्यांनी केली नाही.

“तो बोलायला लागला का हो?” त्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पण त्या माणसासमोर खोटं बोलायला जीभ रेटेना.

“नाही,” मी म्हणालो.


त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली.