आतड्याभोवतीची चरबी

रविवारी सकाळी दार ढकललं, तर माझा धाकटा भाऊ आरशासमोर उघडा उभा राहून स्वतःच्या पोटावर बुक्के मारत होता. पोट लालभडक झालं होतं. आतड्याच्या सुजेनं तो तीन वर्षं पिचला आहे. मुरडा, रक्त, पुन्हा मुरडा. हातपाय काटकुळे झाले आणि पोट तेवढं पुढे आलं. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी स्कॅन दाखवला होता.

"कातडीखालची चरबी इतकी छळत नाही," ते म्हणाले होते. "ही आत, आतड्याभोवती साठलेली चरबी सूज भडकवते."

मी भावाचा हात धरला. त्याचा दुसरा हात माझ्या तोंडावर बसला आणि ओठ फुटला.

"सोड ताई. मी त्या चरबीला मारतोय."

डॉक्टर पुढे जे बोलले, ते त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. ही चरबी कदाचित जखमी आतड्याला सांभाळायलाच धावून येते आणि तिथेच आग वाढवत बसते, असं ते म्हणाले होते. शरीरात कोण कोणाला मारतं आणि कोण वाचवतं, हे शरीराला तरी कळत असेल का? त्याला धरायला गेले, तेव्हा माझीही नखं त्याच्या मनगटात रुतली होती.

माझ्या ओठावरचं रक्त पाहून तो थांबला. टॉवेल ओला करून त्यानं ओठावर दाबला, जरा जास्तच जोरात.

"दुखतंय?"

"दुखतंय," मी म्हणाले, पण त्याचा हात बाजूला केला नाही.