वल्ह्याएवढी होईपर्यंत

राव्दना म्हातारीने आपली मासेमारीची नाव देऊन टाकली, ही बातमी दूर उत्तरेतल्या ताना नदीच्या काठाने अशी पसरली की विचारू नका. दिली कुणाला, तर पर्यटकांना तंबू भाड्याने देणाऱ्या आर्विदला. आणि त्याला कशाला हवी, तर मधोमध कापून, दोन्ही तुकडे दारात मांडून त्यांत फुलं लावायला! जिच्यात या बाईने उभा जन्म वल्ही मारली, तिची आता कुंडी होणार. ऐकूनच डोकं फिरावं.

पण राव्दनाला सांगणार कोण? सत्तरी उलटली तरी राग नाकाच्या शेंड्यावर. नवरा नीलास होता तेव्हा तो गळ सोडायचा आणि वल्ही हिच्या हातात. सामन मासा मिळाला की गावभर कौतुक नीलासचं, पण भर धारेत नाव एका जागी धरून ठेवायची ही. कुठला खडक पाण्याखाली कुठे दबा धरून बसलाय, ते तिला स्वतःच्या घरातल्या खुर्च्यांसारखं पाठ. नीलास गेल्यावरही ती पुतण्यांना घेऊन जायची. पुढे मासा इतका घटला की पकडायलाच बंदी आली. पहिल्या उन्हाळ्यात राव्दना भेटेल त्याच्याशी भांडली, दुसऱ्यात रुसून बसली आणि मग नावेकडे बघायचंच तिने सोडलं. घरामागे नाव पालथी पडून राहिली.

सोमवारी आर्विद ती न्यायला येणार होता. आदल्या शनिवारी तिची लेक एल्ले, जावई योवना आणि नऊ वर्षांची नात सुन्ना गाडी घेऊन दारात हजर.

"आई, चल गं," एल्ले म्हणाली. "वरच्या ओढ्यात सामन अंडी घालायला आलेत म्हणे. बघून येऊ."

"बघून? मासा काय बघायची वस्तू आहे? पकडायचा, नाहीतर सुखाने राहू द्यायचा. बाळंतपणातसुद्धा मेलीला चैन पडू देणार नाही तुम्ही!"

"कॉफी आणलीय," योवना म्हणाला. "आपल्या पद्धतीने कॉफीत बुडवायला चीजसुद्धा."

"लाच देतोस?"

"तुम्ही घेता म्हणून देतो, सासूबाई."

तरी बाई जागची हलेना. तेवढ्यात सुन्ना म्हणाली, "आजी, मी ना, सामन फक्त दुकानात बघितलाय. प्लास्टिकमधला."

नदीकाठची पोर ही! राव्दनाने बूट चढवले.

ओढ्यापाशी बर्चची झाडं पानं गळून पार उघडी झाली होती, काठाला बर्फाची पातळ साय धरली होती. पोचल्या पोचल्या राव्दनाने हुकूम सोडायला सुरुवात केली. ओरडायचं नाही. माशाकडे बोट दाखवायचं नाही. आणि योवना, तुझं ते लाल टोपडं काढ आधी! चौघं ओळीने बसली. पाणी काचेसारखं स्वच्छ, तळाचा खडा न् खडा दिसत होता. मासा मात्र एक नाही. कॉफी संपली, वाळवलेलं मांस संपलं, बूड गारठलं. राव्दनाचा चेहरा उतरत चालला. घरातून तिचं पाऊल निघत नव्हतं ते याचसाठी. रिकामं पाणी बघायची तिला भीती वाटत होती. नावसुद्धा तिने त्या भीतीपायीच देऊन टाकली होती.

"संपलं सगळं," ती उठत म्हणाली. "उगाच आणलंत मला."

सुन्नाने तिची बाही गच्च धरली. "आजी. तिथे."

समोरच्या खडकाआडून एक लांबलचक मादी सरकत आली, कुशीवर वळली आणि तिने शेपटीने असे सपासप तडाखे मारले की तळाची वाळू ढगासारखी वर उठली. खड्डा खणत होती ती. मागे काळपट, वाकड्या जबड्याचा नर राखणीला उभा.

राव्दनाने काठावर गुडघे टेकले. डोळ्यांना धार लागली आणि तिने ती पुसलीही नाही. "आलीस गं बाई! एवढ्या लांबून आलीस!"

"आता अंडी खड्यांखाली झाकून टाकेल," ती सुन्नाच्या कानात सांगू लागली. "पिल्लं काही वर्षं इथेच वाढतील, मग समुद्रात जातील. खाऊन खाऊन गलेलठ्ठ होतील, तेव्हा परत येतील."

"तेव्हा मी केवढी असेन?"

"सोळा-सतराची."

"मग मी वल्ही मारेन. आपल्या नावेत!"

एल्लेने मान खाली घातली. नाव देऊन टाकल्याचं पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. योवना रिकाम्या कपात बघत बसला. आणि राव्दना? पाण्याकडे बघत ती नुसतं "हं" म्हणाली.

सोमवारी आर्विद गाडी घेऊन आला, तर राव्दना नावेवर डांबर फासत होती. शेजारी सुन्ना, कोपरापर्यंत काळी.

"अहो, पण तुम्ही शब्द दिला होतात!"

"दिला होता, आता परत घेतला. फुलंच लावायचीत ना तुला? न्हाणीतला जुना टब ने. चांगला मोठा आहे, आणि पाणीही धरतो."

आर्विद कुरकुरला, पण टब घेऊन गेला. मासेमारी पुन्हा कधी सुरू होणार, होणार की नाही, हे राव्दनाला कुठे ठाऊक होतं? तिने विचारलंही नाही कुणाला. पडवीतून तिने आपलं वल्हं आणलं, सुन्नाच्या शेजारी उभं धरलं आणि पोरीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बुटकी आहेस अजून," ती म्हणाली. "नीट जेवत जा. मासे यायच्या आत वाढायचंय तुला."