कापराची पुरचुंडी

आज शेजाऱ्यांकडे आरतीला कापराचा वास आला आणि ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगचा जिना आठवला. हिमालयातल्या ट्रेकसाठी मी सॅकमध्ये तांदूळ भरून रोज सकाळी चार मजले चढायचो-उतरायचो, आणि फुप्फुसं थकलेले बाबा दारात खुर्ची टाकून बघत बसायचे. एकदा मी धापा टाकत त्यांच्या पायाशीच बसलो. "असाच दम लागतो रे मला," ते थांबत थांबत म्हणाले, "फक्त मला त्यासाठी जिना चढावा लागत नाही." मग उंचावर विरळ हवेत दम लागला तर हुंगायला मी आणलेली कापराची पुरचुंडी त्यांनी मागून घेतली. "तू निघेपर्यंत राहू दे माझ्याकडे." मी निघायच्या आठवडाभर आधीच ते वारले. पुरचुंडी उशाखाली सापडली. गाठ तशीच होती, आतला कापूर उडून गेला होता. आज तबक समोर आलं, तेव्हा मी ज्योतीवर हात धरलाच नाही, नुसता श्वास रोखून उभा राहिलो.