आप्पाचा टॉवेल आणि शार्क

किस्से वालाच्या वेलासारखे असतात बघा. एक शेंग तोडायला हात घालावा, तर पानामागं आणखी चार लपलेल्या सापडतात. मालदीवहून आल्यापासून फुलबाजाराबाहेरच्या चहावर आमचं हेच चाललंय.

एका बियाण्याच्या कंपनीनं नाशिकजवळच्या आम्हा फुलं-भाजीवाल्यांना तिकडं नेलं. त्यात नाना आणि आप्पा, सख्खे भाऊ, माझे बांधशेजारी. दोघांची विहीर एक, बोलणं बंद! रविवार ते मंगळवार मोटर नानाची, गुरुवार ते शनिवार आप्पाची. भांडण बुधवारचं. एकानं चालू केली की दुसरा बंद करतो. दर बुधवारी दोघांचा झेंडू माना टाकतो, आणि बांधावर बसून बघायचं मी!

विमानात मी दोघांच्या मधे. चहा आला तसा नाना माझ्या कानाशी म्हणाला, "त्याला आधी दे. सकाळपासून चहा नाय त्याला."

मी कप पुढं सरकवला.

"आणि मी सांगितलं म्हनून सांगू नको!"

बेटावर पाण्यात शिरायचा रबरी सूट आला. मला त्यात घालायला दोन माणसं लागली. घरी व्हिडिओ कॉल लावला. आमच्या मंडळींनी मला निरखून बघितलं.

"अहो, ट्रॅक्टरच्या ट्यूबमधी काय शिरलात! निघाल ना परत?"

मग पाठीवर हवेची टाकी चढवली. आमचा बबन, टोमॅटोवाला, उजव्या हातानं कमरेपाशी काहीतरी चाचपायला लागला. बुडी मारायला शिकवणारा पोरगा घाबरला. "क्या हुआ अंकल?"

"पंप दिला, पण दांडा कुठंय याचा?"

चाळीस वर्षं फवारणी केलेला माणूस तो!

हा बबन माळकरी. शार्क काय खातो, हे त्यानं तीनदा विचारून घेतलं. मासे खातो म्हटल्यावर निवांत झाला. "मग मला भ्या नाय. माझ्या अंगाला मासळीचा वासच नाय!" आणि मला जरा लांब सरकवलं. मी रात्री कोळंबी खाल्ली होती.

आप्पाचं वेगळंच. खांद्यावरचा टॉवेल तो झोपेतही सोडत नाही. घोटीच्या बैलबाजारात वाढलेला माणूस. तिथं भाव तोंडानं होत नसे. टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबायची. आख्खं बोट म्हणजे एक, अर्धं बोट म्हणजे अर्धा. बघणाऱ्याला पत्ता नाही. किनाऱ्यावर एक जण शिंपल्यांच्या माळा विकत होता. आप्पानं त्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि आत बोटं धरली. तो बिचारा माळा तिथंच सोडून पळाला! आप्पा मागून ओरडतोय, "अरे, भाव तर ऐक!"

शेवटी खाली उतरलो. शिकवणाऱ्यानं बजावलं होतं, "टॉवेल बोटीत ठेवा." आप्पानं मान डोलावली आणि त्याची पाठ वळताच तो सुटात पोटाशी खोचला. खाली वाळूवर सगळ्यांनी गुडघे टेकून बसायचं, जोडीदाराचा हात सोडायचा नाही. जोड्या शिकवणाऱ्यानंच लावल्या. त्याला आमच्या विहिरीचं काय माहीत! नानाच्या शेजारी आप्पा.

शार्क आला. बैलाएवढा, आणि चाल अगदी सावकाश. बबननं माझा दंड धरला. शिकवणारा टाकीवर ठकठक वाजवून दाखवतोय, बघा, बघा!

मी नानाकडं बघितलं. आप्पानं सुटातून टॉवेल ओढून काढला होता आणि दोघांच्या हातांवर पसरला होता. टॉवेलखाली हालचाल झाली. नानानं मान हलवली, नाही. पुन्हा हालचाल. पुन्हा नाही. शार्क त्यांच्या डोक्यावरून एक चक्कर मारून गेला. दोघांपैकी एकानंही वर बघितलं नाही. मग टॉवेल एकदाच हलला, आणि नानाच्या तोंडातून बुडबुड्यांचा हा मोठा लोंढा वर गेला.

बोटीत आल्यावर शिकवणाऱ्यानं हौसेनं विचारलं, "अंकल, शार्क कैसा लगा?"

आप्पा टॉवेल पिळत होता. नानानं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला,

"बुधवारी दुपारपर्यंत माझी. मग तुझी."