नवसाचा कोंबडा

२०१६ साली मी कैनाड गावच्या शाळेत शिकवत होते. पावसाळ्यात माझ्या पाचही कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली. उवा असतील म्हणून कासा गावच्या बाजारातून औषध आणलं, राख चोळली. काही फरक नाही. मग एका सकाळी शेजारच्या काकींचा तांबडा कोंबडा कुंपण ओलांडून आला आणि एकेकीच्या पाठीवर चढू लागला. मी तणतणतच काकींच्या दारात गेले.

"कापून खा एकदाचा त्याला!"

"नवसाचा आहे, बाई. भात झोडून होईपर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याचे तुकडे आणून त्याची नखं लागू नयेत म्हणून माझ्या कोंबड्यांच्या पाठीवर बांधले. तरी मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते.

भात झोडून झालं आणि कोंबडा देवाला गेला. संध्याकाळी काकी माझ्याकडे रश्श्याचं पातेलं घेऊन आल्या. नवस कसला होता, मी विचारलं.

"उन्हाळ्यात तुम्हाला कावीळ झाली, कासाला दवाखान्यात नेलं, तेव्हा बोलले होते. फिटेपर्यंत सांगायचं नसतं."

मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बाई, रस्सा निवतोय," त्या म्हणाल्या.