तुमच्याकडे चालतं

नवा फोन घेऊन आठ महिने झाले, तरी मी त्याला अजून 'तो फोन' म्हणते. माझा म्हणवत नाही. बिचाऱ्या फोनचा काही दोष नाही. फोटो छान निघतात, बॅटरी रात्रीपर्यंत पुरते, सगळं ठीक आहे. राग आहे तो माझा माझ्यावरच, आणि तो उतरत नाही म्हणून हे लिहायला बसले.

ठाण्यातल्या एका ऑफिसात मी चौदा वर्षं आवक-जावक सांभाळते. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते. एकाच महिन्यात लागलेल्या आम्ही. तिच्या बाळंतपणात तिचं काम मी ओढलं, माझी आई गेली तेव्हा दहा दिवस माझं तिने ओढलं. अख्खं ऑफिस आम्हाला 'जोडी' म्हणायचं. एकीला शोधायचं तर दुसरीला विचारायचं, हा तिथला नियमच होता.

नवा फोन येणार अशी जाहिरात आली तेव्हा दोघींनी एकदमच ठरवलं की आयुष्यात एकदा तरी पहिल्या दिवशी घ्यायचा. लोकांचे वापरून टाकलेले, पोरांनी नको म्हटलेले फोन खूप वापरले. बुकिंग गणपतीत उघडलं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी लंच टाइमला आम्ही स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. नेलपॉलिश लावायला जावं तशा हसत गेलो होतो.

दुकानात काउंटरच्या बाजूला एक वेगळं टेबल होतं आणि तिथे हप्त्यांचा माणूस बसला होता. मैत्रिणीने हप्त्यावर घ्यायचं ठरवलंच होतं. अठरा महिने, व्याज नाही, वर सूट. मी म्हटलं, मला रोखीने हवाय. त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पाटी-पेन्सिल मागितली.

"मॅडम, रोख कोण घेतं आता? सूट हप्त्याला आहे, रोखीला काहीच नाही. तुमचंच नुकसान."

"असू दे."

"अगं, वेडी आहेस का?" मैत्रीण म्हणाली. "फुकटची सूट सोडतेस!"

मी सोडली. का सोडली हे तिथे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. सांगायचं तर वडिलांपासून सुरुवात करावी लागते. त्यांना आम्ही दादा म्हणतो.

माझं लहानपण विठ्ठलवाडीच्या चाळीत गेलं. दादा तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. चाळीत एकेका घरात टीव्ही यायला लागला तसा आम्हीही धोशा लावला. दादा कल्याणच्या एका दुकानात गेले. त्या दुकानातून चाळीतल्या चार घरांनी हप्त्यावर टीव्ही आणला होता, नुसत्या सहीवर. दुकानदाराने दादांचं आडनाव ऐकलं आणि म्हणाला, दोन जामीन आणा. दादांनी आधी विचारलं ते त्यांच्याच मशीनवर काम करणाऱ्या मित्राला. दोघांचा चहा एका किटलीतला, विडीही अर्धी अर्धी. तो म्हणाला, "घरात विचारून सांगतो." त्याचं घरात विचारणं अजून चाललंय.

दादांनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. दीड वर्ष ओव्हरटाइम केला आणि रोख घेऊन त्याच दुकानात गेले. मुद्दाम पितृपंधरवड्यात गेले. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्याकडे पंधरवडा पाळत नाहीत. बाकीचे पाळतात, म्हणून त्या दिवसांत दुकानं रिकामी असतात, मालक माश्या मारत बसलेला असतो. जामीन मागणाराच तो माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या साहेब, तुमच्या हातची बोहनी!" दादा अजूनही ते त्याच्या आवाजात करून दाखवतात. चाळीत सगळे म्हणाले, पंधरवड्यात आणलाय, जळेल. तो एकोणीस वर्षं चालला. मग ते आमच्या घरातलं व्रतच झालं म्हणा ना. फ्रिज, शिलाई मशीन, कपाट, सगळं पंधरवड्यात आणि सगळं रोखीने.

म्हणून माझा फोनही रोखीने. ऐंशीला टेकलेल्या बापाच्या हातात ते खोकं द्यायचं आणि म्हणायचं, दादा, रोख. एवढीच माझी हौस होती.

मैत्रिणीचा फॉर्म भरताना त्या माणसाने ओळखीच्या कुणाचा तरी नंबर मागितला. तिने माझा दिला. मी बाजूलाच उभी, तरी नियम म्हणून कंपनीच्या हिंदी बोलणाऱ्या माणसाचा मला तिथल्या तिथे फोन आला. दोघींना हसू आवरेना.

"मॅडम, आप इनको जानती हैं?"

"चौदा साल से."

"रिश्ता क्या है?"

"मैत्रीण," मी म्हटलं, मग त्याला कळावं म्हणून, "सहेली. पक्की सहेली."

घरी आल्यावर हे दादांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू जामीन राहिलीस." मी म्हटलं, जामीन नाही हो, नुसता ओळखीचा नंबर. पण मनातून मला छान वाटलं होतं, ते का नाकारू? आमच्या घरातलं माणूस कुणासाठी तरी 'ओळखते' म्हणून उभं राहिलं, याचं मला कौतुक वाटलं.

दोन दिवसांनी दुकानातून कळलं की फोन पुढच्या शुक्रवारी घरपोच मिळणार. शुक्रवार पंधरवड्यात येत होता. मैत्रिणीचा चेहरा पडला. तिचं घर टेंभी नाक्याजवळ, घरात सासूबाई कडक. तिने सासूला आधी पटवून पाहिलं. बुकिंग गणपतीत झालंय, म्हणजे खरेदी गणपतीतलीच. ते चालेना तर म्हणाली, हप्त्यावर आहे, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तो आपला थोडाच, कंपनीचाच. मला हे सांगताना तीच खो-खो हसली. सासूबाईंनी एकच विचारलं, "उंबऱ्याच्या आत येणार ना?" दुकानदाराकडे ठेवा म्हटलं तर तो ठेवेना, रांग लागलीय म्हणाला, नाही घेतला तर पुढच्या गिऱ्हाइकाला देईन.

मग ती माझ्या टेबलावर कोपर टेकून म्हणाली, "अगं, तुझ्या पत्त्यावर मागवते ना. घटस्थापनेला येऊन घेऊन जाईन. तुमच्याकडे चालतं."

मी लगेच हो म्हटलं. वर म्हटलं, "हो गं, आमच्याकडे कसलं काही नसतं." अगदी अभिमानाने म्हटलं. ते वाक्य आठवलं की आज जीभ चावावीशी वाटते.

शुक्रवारी मी ऑफिसात, कोपरीच्या घरी दादा एकटे. खोकी त्यांनीच घेतली. संध्याकाळी आले तर दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडलेली. माझं मी उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दादा, रोख." ते खूश झाले, खोकं उलटंपालटं करून पाहिलं. मग दुसऱ्याकडे बोट केलं.

"हे कुणाचं?"

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे वाईट दिवस आपल्या घरात काढायचे आणि चांगला दिवस आला की तिच्या घरी जायचं."

"दादा, तुम्ही पण ना! कुठल्या कुठे नेता. ती तसली नाही. चौदा वर्षं ओळखते मी तिला."

"माझ्या मशीनवर अकरा वर्षं होता तो," दादा म्हणाले.

मी चिडले. म्हटलं, तुमचे दिवस वेगळे होते, प्रत्येकात तेच शोधत बसू नका, आता लोक बदललेत. बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि खोकं स्वतः उठून कपाटात ठेवलं, माझ्या चांगल्या साड्यांच्या वर, धूळ लागू नये म्हणून.

घटस्थापनेच्या सकाळी बेल वाजली. मी चहाचं आधण ठेवलं होतं, तिच्यासाठी शिरा केला होता. ती दारातच उभी राहिली. नवी साडी, केसांत गजरा. "आत नाही येत गं, घट बसायचाय, उशीर झालाय." मी कपाटातून खोकं आणून दिलं. तिने ते हातात न घेता मलाच धरायला सांगितलं, पर्समधून एक छोटी बाटली काढली, झाकण उघडलं आणि चार थेंब खोक्यावर शिंपडले. वासावरून कळलं, गोमूत्र. दोन थेंब माझ्या बोटांवर पडले.

ती घाईघाईने म्हणाली, "सासूबाईंचं काहीतरी असतं गं. पंधरवड्याचं म्हणून हं. तुझ्याकडचं म्हणून नाही."

मी काही म्हटलंच नव्हतं. देवाशपथ सांगते, आणि मी तर देवही मानत नाही, तोपर्यंत माझ्या मनात ते आलंही नव्हतं. तिच्या मनात मात्र तयार होतं. वाटेत रिक्षात बसून ठरवलं असेल, हिला वाईट वाटलं तर काय म्हणायचं.

आणि मी काय केलं? दार लावून घेतलं? बाटली तिच्या हातात परत दाबली? मी आत गेले आणि स्वयंपाकघरातलं स्वच्छ फडकं आणलं. खोकं ओलं झालं होतं ना, फोनला पाणी लागू नये म्हणून. तिने पुसलं, फडकं माझ्या हातात दिलं, "थँक्यू गं, तू होतीस म्हणून," म्हणाली आणि जिना उतरली. माझा संताप आहे तो त्या फडक्यावर.

दादा मागे खुर्चीत पेपर वाचत होते. सगळं ऐकलं असणार, घर केवढंसं आहे. बोलले असते तर निदान भांडता आलं असतं. शिरा त्यांनी खाल्ला आणि बशी धुऊन ठेवली. दुपारी मैत्रिणीने तिच्या नव्या फोनवरचा पहिला फोटो पाठवला, टेंभी नाक्याच्या देवीच्या मिरवणुकीचा. फारच स्पष्ट आला होता.

त्यानंतर मी एक गोष्ट आठवायला बसले. चौदा वर्षांत तिने माझ्या डब्यातलं काय काय खाल्लं? काकडी. पेरू. मारीची बिस्किटं. आणि माझ्या हातची भाजी? कधी सोमवार, कधी चतुर्थी, कधी पोट बिघडलेलं. तिच्या डब्यातलं मात्र मी बोटं चाटून खाल्लं. हे मला दिसत नव्हतं असं नाही, मी बघत नव्हते. दादांना मात्र एका खोक्यावरून दिसलं.

तिच्याशी मी भांडले नाही. काय म्हणून भांडणार? ती म्हणेल, मी तर तेव्हाच सांगितलं होतं, तुझ्याकडचं म्हणून नाही. ऑफिसात आम्ही अजून शेजारी बसतो, अजून 'जोडी' आहोत.

मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत माझा फोन वाजला. समोर ती डबा उघडत होती. अनोळखी नंबर. पलीकडची मुलगी मराठीच होती, आवाजावरून नवीन लागलेली. म्हणाली, एका ग्राहकाचा या महिन्याचा हप्ता बाउन्स झालाय, त्या फोन उचलत नाहीत, ओळख म्हणून तुमचा नंबर आहे. तिने नाव सांगितलं.

"त्या तुमच्या कोण लागतात, मॅडम?"

माझ्यासमोर त्या बसल्या होत्या आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवत होत्या.

"ऑफिसात आहेत," मी म्हटलं.

"मग त्यांच्यासाठी तुमच्याकडे एक निरोप ठेवू का?"

"नको," मी म्हटलं. "त्यांचं काहीही माझ्याकडे ठेवू नका."

फोन ठेवला. तिने विचारलं, "कुणाचा गं?"

"राँग नंबर," मी म्हटलं आणि माझा डबा तिच्या पुढे केला. वांग्याचं भरीत होतं.

"आज नको गं," ती म्हणाली. "पोट ठीक नाहीये."