कात्री, गोंद आणि गुरुवार

आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे ठरवण्यात काल माझी अख्खी सकाळ गेली. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात कोण काय म्हणालं याची थोडी अदलाबदल झाली असेल. मूर्खपणा मात्र जसाच्या तसा आहे, त्याची हमी देतो.

असे किस्से साठतात कसे, याचा मी विचार केला आहे. शहाणी माणसं एकत्र बसली की ठराव होतात. आमच्यासारखी बसली की किस्से होतात!

आम्ही म्हणजे राजुरीचं कागदकला मंडळ. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. दिवाळीची, संक्रांतीची, नव्या वर्षाची भेटकार्डं हातानं करायची, जमलंच तर आकाशकंदील आणि कागदी फुलं. माणसं चार. अध्यक्ष हांडे बाई, निवृत्त मुख्याध्यापिका; पाणी प्यायला उठायचं तरी अजून त्यांची परवानगी लागते. दुसरे गुलाबराव. साखर कारखान्यात टाईमकीपर होते आणि मंडळात कायम वीस मिनिटं उशिरा येतात. तिसऱ्या भागूबाई, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. चौथा मी. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमधली पीएच.डी., पुण्यात पस्तीस वर्षं शिकवलं, निवृत्तीनंतर गावी आलो. बायको म्हणाली, "घरात बसून काळजी करता, ती तिथे जाऊन करा!"

*

माझं पहिलं कार्ड. उघडलं की आतून शिवनेरी उभा राहायला हवा होता. मी तीन दिवस आकडेमोड केली. घडीचे कोन काढले, कागदाची जाडी मोजली, दोन पानं नुसती आकृत्यांनी भरली.

गुरुवारी सगळ्यांसमोर कार्ड उघडलं. शिवनेरी अर्धा उठला, विचारात पडला आणि आडवा झाला.

मग गुलाबरावांनी अगदी काळजीनं विचारलं, "सर, तुमी बांधलेल्या एखाद्या पुलावरून आमची एसटी जाती का हो?"

"मी पूल बांधले नाहीत," मी म्हणालो. "शिकवले."

"मग बरंय!"

*

भागूबाई धनगराच्या घरातल्या. सत्तरीच्या पुढच्या, सही अंगठ्याची. पहिल्या दिवशी आल्या त्या मेंढ्यांची लोकर कापायची कातर कमरेला खोचून. हांडे बाईंनी नियम सांगितला, "आधी पेन्सिलीनं आखायचं. मगच कापायचं."

भागूबाईंनी ऐकून घेतलं, कागद उचलला आणि एका दमात मेंढी कापून टेबलावर ठेवली. पाय, शेपूट, लोकरीचे झुपके, सगळं. मी पट्टी हातात धरून बघत राहिलो.

"न आखता कसं जमतं हो तुम्हाला?"

"मेंढरू हलतं, सर. कागूद हलत न्हाई. मग अवघड काय त्यात?"

भागूबाई कार्डं करायला का येतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पाय मोडून त्या दवाखान्यात असताना त्यांच्या मुलानं, संतोषनं, सगळी मेंढरं विकली. तो चाकणला कंपनीत आहे. "आई, तुझ्या पायासाठीच विकली," म्हणाला. "पाय माझा व्हता, मेंढरं बी माझी व्हती. इचारलं का मला?" म्हणून भागूबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. फोन वाजून वाजून बंद पडायचा, त्या हात लावायच्या नाहीत. पण दर दिवाळीला चाकणला एक कार्ड मात्र जायचं. वर कापून चिकटवलेली मेंढी, आत कोरं.

"दोन ओळी तरी घाला," हांडे बाई म्हणायच्या. "सर लिहून देतील."

"बोलत न्हाई मी त्याच्याशी. कागूद पाठवतीय फकस्त."

पाकिटावर पत्ता मी लिहायचो. पिनकोड तीनदा तपासायचो आणि पेटीत टाकल्यावर तो चुकलाच असणार म्हणून महिनाभर झुरायचो. कारण उत्तर कधी यायचं नाही. तीन दिवाळ्या अशाच गेल्या. भागूबाई कधी काही विचारायच्या नाहीत. फक्त जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांची कातर थांबायची.

*

नवा कागद विकत आणायचा नाही, हा हांडे बाईंचा दुसरा नियम. सगळी कार्डं जुन्या लग्नपत्रिकांतून करायची. आमच्या भागात पत्रिकांचा तुटवडा नाही. पाहुणे कमी, निमंत्रक जास्त, आणि कागद इतका जाड की त्यावर माणूस जेवू शकेल.

अडचण एकच. प्रत्येक पत्रिकेवर गणपती. तो कापायचा नाही, फेकायचा नाही, पायदळी येऊ द्यायचा नाही. तेव्हा अख्खा गणपती बाजूला काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. वर्षभरात तीन डबे भरले! हांडे बाई म्हणाल्या, "जमेल तिथे कार्डांवर वापरा."

त्या डिसेंबरात एका इंग्रजी शाळेनं नाताळची कार्डं मागितली. गुलाबरावांनी झाड केलं, चांदणी केली, कापसाचा बर्फ केला आणि सगळ्याच्या वर गणपती चिकटवला.

"गुलाबराव, हे काय?"

"बाई, कार्य कोनाचं का असंना! सुरुवात त्यांच्यापासूनच व्हती."

*

पत्रिकेवरचा मजकूर झाकायला आम्ही वर रंगीत कागद चिकटवतो. गोंद हांडे बाई घरी करतात, खळ शिजवून. त्या गोंदाबद्दल मला बोलायचं नाही.

मंचरच्या एका निवृत्त तलाठ्याला मंडळानं दिवाळीचं कार्ड पाठवलं. वाटेत वरचा कागद सुटला. खाली उरलं होतं ते एवढंच: "रविवारी गोरज मुहूर्तावर, राजुरी मुक्कामी, सहकुटुंब यावे."

तो भला माणूस रविवारी फेटा बांधून, बायकोला पैठणी नेसवून वाचनालयासमोर हजर! "मांडव कुठंय?"

खरं सांगायची हिंमत कोणाला होईना. हांडे बाईंनी दोघांना घरी नेलं आणि पुरणपोळी करून वाढली. तलाठी पोटभर जेवले, पान खाल्लं आणि निघताना मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "बेत झकास व्हता, राव. पन नवरी काय दिसली न्हाई."

*

एकदा शहरातून एक तज्ज्ञ बाई आल्या. खादीची साडी, लाकडी कानातलं, आणि आम्हाला कमी ऐकू येतं अशा समजुतीनं मोठ्यानं बोलणं. जुन्नरच्या जुन्या हातकागदाची थोरवी त्यांनी जुन्नर तालुक्यातल्याच लोकांना तासभर समजावून सांगितली. सोबत त्या कागदाचा तुकडा मात्र नव्हता. लॅपटॉपवर फोटो होता.

मग म्हणाल्या, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. तळहातावर कागद ठेवा. त्याच्याशी संवाद साधा. घाई नाही."

आम्ही डोळे मिटले. मला वाटलं, मलाच काही ऐकू येत नाहीये. इतकं शिकून आपण कोरडेच राहिलो की काय, अशी धास्ती बसली.

बाई भागूबाईंपाशी थांबल्या. "आजी, काय म्हणतोय कागद?"

"म्हंतोय, पंखा बंद करा."

*

आकाशकंदिलांची स्पर्धा. अट एकच, कंदील हातानं केलेला हवा. मी पंधरा दिवस खपून बांबूच्या काड्यांचा कंदील केला. परीक्षक म्हणून एक पुढारी बोलावले होते. ते दोन तास उशिरा आले आणि आल्या आल्या घड्याळ बघायला लागले.

पहिला नंबर दिला एका प्लॅस्टिकच्या कंदिलाला. बाजारातला, लुकलुकणारा, किमतीची चिठ्ठी काढल्याची पिनेची भोकं तेवढी ताजी. मी उठलो. "साहेब, अट अशी होती की कंदील हातानं केलेला पाहिजे."

साहेबांनी तो फिरवून फिरवून नीट पाहिला. "केलाय की हातानंच," ते म्हणाले. "कोनाच्या तरी!"

टाळ्या पडल्या. गुलाबरावांनीही वाजवल्या. मी विचारलं तर म्हणाले, "सवय हो, सर."

*

हा माझ्या घरातला किस्सा आहे, म्हणून थोडक्यात.

मुलगी हैदराबादला असते. तिला मी एक कार्ड पाठवलं. फुलपाखरू, पंख हलणारं. माझ्या आयुष्यातलं नीट उघडलेलं एकमेव कार्ड. तिनं फोटो काढून सगळीकडे टाकला, दोनशे लोकांना आवडला. मी चार दिवस हवेत.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, ते कार्ड शिफ्टिंगमध्ये हरवलं वाटतं. पीडीएफ आहे का?"

*

आता शेवटचा. हा मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेला नाही.

भागूबाईंची चौथी दिवाळी. कार्ड तयार झालं आणि पाकिटात घालायला माझ्याकडे आलं. एरवी माझं सगळं लक्ष पिनकोडात; या वेळी पहिल्यांदाच मेंढी नीट निरखली, तर तिच्या डाव्या कानाला एक त्रिकोणी खाच. मला वाटलं, हात चुकला. वय झालं. तीन वर्षं मुलाचं उत्तर नाही, आणि त्यात फाटक्या कानाची मेंढी पाठवायची? मी त्याच रंगाच्या पत्रिकेचा एवढासा तुकडा कापला आणि खाच भरून टाकली. काम इतकं बेमालूम झालं की मला त्या संध्याकाळी दोन घास जास्त गेले.

भाऊबीज झाली. पुढच्या गुरुवारी जिना वाजला. दारात संतोष उभा. हेल्मेट काखेत, हातात ते कार्ड. आम्हा कोणाकडे न बघता तो सरळ भागूबाईंसमोर गेला आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"आई, ही आपली न्हाई."

चार वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले शब्द.

"आपल्या मेंढरांच्या डाव्या कानाला खाच असती. मागच्या तिन्ही कार्डांवर बरोब्बर व्हती. ह्या टायमाला कान सबंध. तुझ्या हातनं हे व्हनार न्हाई. तुला दिसत न्हाई का आता?"

भागूबाईंनी मेंढी उचलली. नखानं कान चाचपला. मग आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. हांडे बाईंकडे, गुलाबरावांकडे, माझ्याकडे. मी गोंदाच्या वाटीत बघायला लागलो.

"न्हाई दिसत, बाबा," भागूबाई म्हणाल्या. "लई दिस झालं."

संतोषनं त्यांना तसंच उठवलं, गाडीवर बसवलं आणि नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

पुढच्या गुरुवारी भागूबाई चष्मा घेऊन आल्या. काळी फ्रेम. बसल्या बसल्या तो कपाळावर सरकवला आणि एका दमात मेंढी कापली, डाव्या कानाच्या खाचेसकट.

"अहो, चष्मा लावा की!" हांडे बाई म्हणाल्या.

"लावलाय की."

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी संतोष सुट्टी काढून यायचा, आईला नंबर तपासायला न्यायचा. त्या दिवशी भागूबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून तयार. येताना दोघं मिसळ खाऊन यायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "नंबर वाढला का हो?"

"वाढतोय थोडा थोडा."

त्यांचे डोळे खरंच जात होते, म्हणजे मी निमित्तमात्र, अशी मी माझी समजूत घालून घेतली. पण कानाचं मी कोणाला सांगितलं नाही. सांगावं असं दर गुरुवारी वाटायचं आणि पाच वाजायचे.

अशी बरीच वर्षं गेली. यंदा गुलाबराव त्या चष्म्यावर बसले. काडी तुटली. हांडे बाईंनी तो माझ्या हातात दिला, "सर, तुम्ही नारायणगावला चाललाच आहात, दुरुस्त करून आणा." मी तो जिथून घेतला होता त्याच दुकानात नेला. दुकानदारानं काडी बसवली, काचा पुसल्या आणि उजेडाकडे धरून पाहिल्या.

मी घाबरत विचारलं, "फार वाढलाय का नंबर?"

"कसला नंबर, सर? साधी काच आहे ही."

"आता बदलली असेल," मी म्हणालो. "आधी नंबर होता."

त्यानं कपाटातून जुनी वही काढली. बोट फिरवत फिरवत भागूबाईंच्या नावाशी थांबला आणि वही माझ्याकडे वळवली. पहिल्या दिवसापासून, दोन्ही डोळ्यांसमोर, शून्य लिहिलेलं होतं.